एका बाकावरच्या दोघी

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मी चांगल्या मनाने केली होती. करताना मला स्वतःचं भारी कौतुकही वाटत होतं. वाईट मनाने केलेली चूक माणूस कधी ना कधी कबूल तरी करतो. चांगल्या मनाने केलेली चूक मात्र फार चिवट. मला ती कबूल करायला तीन महिने लागले, तेही रक्त निघाल्यावर.

मी भिलाईत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. माहेर-सासर दोन्ही भंडाऱ्याकडचं, नवरा प्लांटमध्ये सेफ्टी विभागात, राहायला सेक्टरातलं क्वार्टर आणि शाळा रुआबांध्याच्या अलीकडे. मुलं मला मिर्ची मॅडम म्हणायची. पाठीमागे म्हणायची, पण मला ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. तो उतरतोही लवकर, असं माझा नवरा म्हणतो, पण तोवर समोरच्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आमच्या या टाउनशिपची एक सवय आहे. प्लांटच्या नोकरीपायी इथे मल्याळी आले, तेलुगू आले, बंगाली, बिहारी, पंजाबी आले आणि आम्ही विदर्भातले आलो. त्यामुळे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "कुठले?" समोरचा साकोली म्हणाला, तुमसर म्हणाला, की झालं! खुर्ची ओढली जाते, चहा टाकला जातो. सहलीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत गाववाल्याला गाववाल्याजवळ बसवायचं, हा अलिखित नियम. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या काकूंना भंडारा एवढा शब्द ऐकू आला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लाखोरीच्या डाळीचे वडे आले. ते खाताना मी रडले होते. परक्या गावात आपल्या गावचं माणूस म्हणजे काय असतं, हे मला चांगलंच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तर त्या वर्षी आमच्या शाळेत बारा मुली आल्या, बस्तरच्या आतल्या गावांतून. तिकडे जंगलातले बंदूकवाले आणि सरकार यांच्यात कित्येक वर्षं जे चाललं होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात शाळा कुठे पडल्या, कुठे नुसत्याच बंद झाल्या. या मुलींची सोय शाळेमागच्या वसतिगृहात केली होती. आमच्या प्राचार्यांनी, म्हणजे मोठ्या मॅडमनी, स्टाफरूममध्ये सगळ्यांना बजावलं, "मुलींना मागचं काही विचारायचं नाही. शिकवायचं आणि पुढे न्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

बारांतल्या दोघी माझ्या आठवीच्या वर्गात आल्या. त्यांची नावं मी सांगणार नाही. एक गणितात इतकी पक्की, की मी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवेपर्यंत तिचं उत्तर तयार. तिला आपण गणितवाली म्हणू. दुसरी खो-खोत वाऱ्यासारखी पळायची, पळताना तिच्या वेण्या आडव्या व्हायच्या. ती खो-खोवाली. दोघींच्या फॉर्मवर मी गावं पाहिली. एकाच नदीच्या दोन काठांवरची! मी खूश. म्हटलं, परक्या मुलखात बिचाऱ्यांना एकमेकींचा आधार होईल, आपल्या भाषेत चार शब्द बोलतील. आणि दोघींना खिडकीजवळच्या एका बाकावर बसवलं.

तीन महिने त्या बाकावरून एक शब्द ऐकू आला नाही. मध्ये दप्तरं रचलेली. मी म्हणायचे, लाजाळू आहेत, सुटतील हळूहळू. एकदा तर मी भर वर्गात म्हटलं, "काय गं, मध्ये बॉर्डर का आखली?" वर्ग खो-खो हसला. त्या दोघी हसल्या नाहीत. ते आठवलं की आजही मला माझीच जीभ चावावीशी वाटते.

मग तो दिवस. मी फळ्यावर रेषाखंडाचा लंबदुभाजक काढत होते. मागून किंकाळी आली. वळून पाहते तर खो-खोवालीच्या डाव्या हातात, अंगठा आणि बोटाच्या मधल्या मऊ जागेत, कर्कटक रुतलेलं. गणितवाली शेजारी सरळ बसलेली, दोन्ही हात बाकावर, जसं काही मी तिला पाढा म्हणायला उठवणार होते. मी धावले, कर्कटक काढलं, ओढणीने हात बांधला, दवाखान्यात नेलं. झालं काय होतं, ते पुढच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं. खो-खोवाली त्या पुढच्या मुलीला एवढंच म्हणाली होती, की माझा दादा रविवारी येणार आहे, नवे बूट घेऊन.

दवाखान्यातून परतले तेव्हा वसतिगृहाच्या दीदी दारातच उभ्या होत्या. मूठ उघडली ती त्यांनी. गणितवालीच्या गावची शाळा बंद पडल्यावर तिच्या वडिलांनी चिंचेच्या झाडाखाली पोरांना शिकवायला सुरुवात केली होती. पगार नाही, पाटी नाही, नुसती हौस. पुढे सरकारचा माणूस म्हणून कुणाकुणाला त्यांचा संशय आला. एका सकाळी जंगलातली माणसं बोलवायला आली, थोडं बोलायचं आहे म्हणाली. वडील गेले ते परत आले नाहीत. बोलवायला आलेल्यांत खो-खोवालीचा थोरला भाऊ होता. नंतर त्याने बंदूक टाकली, सरकारपुढे हजर झाला आणि आता तो तिकडच्या एका शहरात राहत होता. रविवारी बूट घेऊन येणारा दादा तो हाच.

अय माय वं! नव्वद दिवस मी त्या पोरीला त्या माणसाच्या बहिणीजवळ बसवलं होतं. गाववाली म्हणून! मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

मी गणितवालीला गाठलं. "तू मला सांगितलं का नाहीस? जागा बदलून दिली असती मी."

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसवलं होतं."

मोठ्या मॅडमचं म्हणणं सरळ होतं. मुलीने शस्त्रासारखी वस्तू वापरली, वसतिगृहात ठेवता येणार नाही, परत पाठवावं लागेल. परत म्हणजे कुठे? गावात शाळाच नव्हती. आई काकांच्या घरी, एक वेळचं खाऊन. ही परत गेली असती तर मोहाची फुलं वेचली असती आणि दोन वर्षांत लग्न होऊन गेली असती. जिच्या बापाने शाळेपायी जीव गमावला तिला आम्ही शाळेतून काढणार होतो. माझं डोकं फिरलं. मी मोठ्या मॅडमना म्हटलं, "घरी पाठवायचंच असेल तर मला पाठवा. बाक मी ठरवला होता." त्या माझ्या रागाला वीस वर्षं ओळखत होत्या. म्हणाल्या, "पंधरा दिवस घ्या, काही मार्ग निघतो का बघा. पंधराव्या दिवशी दीदींना घेऊन बसू आणि ठरवू."

घरी आले, भांडी आपटली. नवरा जनरल शिफ्ट करून आला होता, चहाची वाट पाहत होता.

"कावून चिडून राहिली?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. तो चहा पीत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे नियर मिस लिवतात तसं लिवून घे ना पोरायकडून."

प्लांटमध्ये ही पद्धत जुनी आहे. अपघात होता होता टळला, वरून नट सुटला आणि दोन हात लांब पडला, कुणाला लागलं नाही, तरी ते लिहून द्यायचं. काय झालं, काय होऊ शकलं असतं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं. फक्त कुणाचं नाव घालायचं नाही. नाव घातलं की माणसं लपवतात, असं नवरा सांगायचा. मला ते एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी मी आठवीत एक वही सुरू केली. आमची मुलं प्लांटवाल्यांची, त्यांना नियर मिस काय ते शिकवावं लागलं नाही. कागदांचा पाऊस पडला! 'जिन्यावर धक्का लागला, दात पडू शकला असता.' 'डब्यातलं लोणचं न विचारता घेतलं, भांडण होऊ शकलं असतं, उपाय म्हणजे लोणचं जास्त आणावं.' वाचून मी पोट धरून हसले. आणि गंमत म्हणजे आठवड्यात वर्गातल्या मारामाऱ्या खरंच कमी झाल्या. मोठ्या मॅडमनी सातवी आणि नववीतही वही सुरू करा म्हटलं. मी तर हवेतच.

खो-खोवालीने लिहिलं, 'हाताला लागलं, बरं होत आहे.' एवढंच. गणितवालीने कोरा कागद दिला. दुसऱ्यांदा दिला तोही कोरा, आणि तिसऱ्यांदाही. बैठकीला चार दिवस उरले होते आणि माझ्याकडे मोठ्या मॅडमना दाखवायला तिचं एक अक्षर नव्हतं. माझा पारा चढला. सगळा वर्ग गेल्यावर मी तिला थांबवलं आणि ओरडलेच, "अगं, तुझ्यासाठी मी जिवाचं रान करून राहिले आणि तुझ्या हाताला काय मेंदी लागली आहे?"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, यात नावाला जागा नाही."

"नाहीच आहे! कुणाला दोष द्यायचा नाही, म्हणून तर नाही."

"मग माझ्या बाबांचं कुठे लिहू?"

मी तिला जा म्हटलं. घरी आल्यावर नवऱ्यावरच उखडले, "तुमची ती नियर मिस ठेवा तुमच्याजवळ."

त्याने चष्मा काढला. "अवं, पण चूक आपलीच आहे. नियर मिस म्हंजे जे घडता घडता राहिलं ते. त्या पोरीचं तं घडून गेलं ना. घडून गेलं त्याची चौकशी बसते. आणि चौकशीत सगळ्यायची नावं असतात. गेलेल्याचं सगळ्यात वर."

"हे तुमाले आधी नाही सुचलं?"

"नाही सुचलं," तो म्हणाला. "तू कर्कटकाचं सांगून राहिली होती. म्या कर्कटकाचंच ऐकलं."

तीस वर्षांचा संसार, पण त्या उत्तरासाठी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. अर्थात पडले नाही. भाजी फोडणीला टाकली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमना सांगितलं, की मी दोघींची चौकशी करणार आहे, नावांसकट. त्या घाबरल्या, आणि त्यांचं घाबरणं काही चुकीचं नव्हतं. शाळा शांत होती ती कुणी काही विचारत नव्हतं म्हणून. त्या म्हणाल्या, "तुमच्या जबाबदारीवर." मी म्हटलं, "माझ्याच."

शनिवारी अर्धी शाळा. सुटल्यावर दोघींना वाचनालयात नेलं, दोन टोकांच्या दोन टेबलांशी बसवलं, दीदींना मध्ये खुर्ची दिली. मी म्हटलं, "आधी कुणाचं काय झालं त्याचं नाव लिहा. मग काय झालं ते. मग कोण कोण होतं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा. मी गणिताची बाई आहे, मला रडगाणं नको, पायऱ्या हव्यात." असं का बोलले देव जाणे. पण गणितवालीने मान हलवली आणि लिहायला लागली, ती पाऊण तास थांबली नाही.

अडीच पानं. सगळ्यात वर वडिलांचं नाव, पूर्ण. खाली ते काय शिकवायचे, किती पोरं यायची, पाढे कसे टाळ्या वाजवून म्हणायला लावायचे, पावसात झाड गळायला लागलं की कुणाच्या ओसरीवर जायचे. त्या सकाळचं सहा ओळींत. मग आलेल्यांची नावं, जेवढी तिला ठाऊक होती तेवढी. शेवटचं नाव खो-खोवालीच्या भावाचं.

खो-खोवालीने चार ओळी लिहिल्या. तिच्या भावाचं नाव. तो त्या सकाळी गेला होता. घरी त्यावर कुणी बोलत नाही. आणि शेवटी, की ही कोण आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, भीती वाटायची म्हणून जागा बदलून मागितली नाही.

म्हणजे दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! सगळ्या शाळेत मठ्ठ होते ते आम्ही शिकवणारे.

गणितवाली उठून माझ्याजवळ आली. "तिचा कागद वाचू?" मी खो-खोवालीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. गणितवालीने उभ्यानेच वाचला, दोनदा वाचला. म्हणाली, "खोटं नाही लिहिलं तिने." कागद परत दिला आणि जागेवर जाऊन बसली. दीदी डोळे पुसत होत्या. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल, रडतील, एकमेकींच्या गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही.

सोमवारी बैठक. मोठ्या मॅडमनी खो-खोवालीला विचारलं, "हिच्यासोबत वर्गात बसशील?"

"बसेन. एका बाकावर नाही."

"मला पण नको," गणितवाली म्हणाली.

मोठ्या मॅडमनी तिला सांगितलं, "आधी हिची माफी माग."

गणितवालीने खो-खोवालीच्या हाताकडे पाहिलं. पट्टी निघाली होती, लाल ठिपका उरला होता. "हाताची माफी मागते," ती म्हणाली. "तुझ्या भावाचं मी विसरणार नाही."

मोठ्या मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आठवीच्या मुलीकडून याहून जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही. आपण मोठ्यांनी तरी कुठे काय केलं आहे?" जरा चढ्या आवाजातच म्हटलं असेन. त्यांनी फाइल मिटली. पोरगी राहिली.

दोन वर्षं एक खिडकीजवळ आणि एक दाराजवळ बसली. दहावीला खो-खोवालीचं गणित अडलं, तेव्हा मी सांगितलं नसताना गणितवाली तिच्या बाकाजवळ उभी राहून प्रमेय समजावताना मला दिसली. उभी राहून, बसून नाही. कोणी पाहुणे आले होते, शांततेसाठी शिक्षण का काय असा त्यांचा विषय, त्यांना दोघींचा हातात हात घेतलेला फोटो हवा होता. मी त्यांना गेटपर्यंत पोचवून आले. हातात हात देणं शाळेचं काम नाही, असं माझं ठाम मत आहे. शाळेने खरं लिहायला जागा द्यावी आणि मग दोघींना गणित शिकवावं. एवढं जमलं तरी पुष्कळ, आणि ते जमतं, मी पाहिलं आहे.

मी रिटायर झाले. खो-खोवाली खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागली, दिवाळीला मेसेज करते. गणितवाली शिकली, आणि तिच्या नदीकाठी शाळा पुन्हा उघडली तेव्हा अतिथी शिक्षिका म्हणून तिथेच गेली. मी म्हटलं होतं, इकडे चांगली शाळा बघ, कायले तिकडे जातेस. ऐकेल ती कसली.

यंदा शाळा सुरू झाल्या त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी कुकर लावत होते.

"मॅडम, तो आला होता आज."

"कोण गं?"

तिने नाव सांगितलं. खो-खोवालीच्या भावाचं. मी गॅस बंद केला. तो गावाकडे परतल्याचं मला माहीत नव्हतं.

"मुलीला घेऊन आला होता. पहिलीत घालायला. आसपास दुसरी शाळाच नाही, मॅडम. दारात उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, फॉर्म भरा."

"मग?"

"भरला. सही केली." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तो बाबांकडेच शिकलेला आहे. नदी ओलांडून यायचा. सही करायला त्याला बाबांनी शिकवलं. आज माझ्यासमोर त्याच वळणात केली."

मी एवढंच विचारलं, "तू काय केलंस मग?"

"काय करणार, मॅडम? मुलगी रडत होती, तिला आत घेतलं. आणि त्याला सांगितलं, दोन वाजता न्यायला या. लेकरू वाट बघत बसतं, वेळेवर या."